तारीखवाले आणि तिसरी किल्ली

स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला, "आत्या, त्यांच्यावर दोनशे शब्द लिहून द्याल का? तुमची ओळख सगळ्यांत जुनी." मी म्हटलं, बाबा रे, दोनशे शब्दांत मला चहासुद्धा सांगता येत नाही. सातवीतून शाळा सुटलेली बाई मी, वाचायला-लिहायला शिकले ती वर्तमानपत्राच्या पुड्या सोडवून. मी बोलते तसं लिहिणार. पाहिजे तर छापा.

आणि लिहायचं खरं कारण वेगळं आहे. ते जाऊन आता चार महिने होतील. तरी अजून कुणी ना कुणी जेवताना म्हणतंच, "त्यांच्यामुळे आपला विहार गेला." तीन वर्षं मी हे वाक्य ऐकतेय आणि प्रत्येक वेळी खाली ताटात बघतेय. कंटाळा आलाय मला त्या ताटाचा.

कार्डिफमधल्या आपल्या लोकांत त्यांना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. तारीखवाले म्हणायचे. हॉस्पिटलात मशिनं तपासायचं काम करायचे ते. ब्लडप्रेशरची, सलाइनची, वजनाची. तपासून झालं की त्यावर छोटा हिरवा स्टिकर लावायचा: आज तपासलं, पुढची तपासणी अमुक तारखेला. तीस वर्षं हेच केलं, मग ते बोटांतून जाईना. घरी गेलात तर किटलीवर स्टिकर, स्मोक अलार्मवर स्टिकर, शिडीवर, छत्रीवरसुद्धा. त्यांच्या बायको होत्या तेव्हा म्हणायच्या, "मलाच तेवढा लावायचा राहिलाय. माझी पुढची तारीख विचारते, तर सांगत नाहीत." हे नुसते हसायचे. त्या गेल्यावर छत्रीचा स्टिकर तसाच राहिला, तारीख उलटून गेलेला. तो मात्र त्यांनी बदलला नाही.

माझी-त्यांची ओळख झाली ती लिनन रूममध्ये. मी तिथं चादरी मोजायला होते, सव्वीस वर्षं. धुवायला जायच्या पिशव्या वजनावर जायच्या, म्हणून आमच्याकडेही एक काटा. एके सकाळी हा उंच, वाळका माणूस आला, कोटाच्या खिशातून मखमलीची डबी काढली, आतलं पितळेचं वजन काट्यावर ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाला, "हा शंभर ग्रॅमनं खोटं बोलतोय." मी त्या काट्याला मराठीत एक शिवी दिली. कारण त्या काट्यापायी सुपरवायझर मला रोज बोलायची, पिशव्या जड भरतेस म्हणून. हे वळले. "ताई, नागपूरच्या की पुण्याच्या?" मी म्हटलं, "शिवी पुण्याची, मी सोलापूरची." तेव्हापासून ते मला ताई आणि मी त्यांना भाऊ.

बोलणं कमीच. पण एक वाक्य ठरलेलं होतं: "विश्वास ठेवावा, पण तारीख टाकून." ते कुठेही म्हणायचे. जीपीनं औषध दिलं, तारीख टाकून. कौन्सिलनं रस्ता नीट करतो म्हटलं, तारीख टाकून. माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेवाला हात मिळवला तेव्हा मी मागून कोट ओढला, नाहीतर तिथंही म्हणाले असते.

सिटी रोडवरच्या भाजीवाल्याला त्यांची ती डबी ठाऊक होती. हे दारात दिसले की तो न सांगता चार भेंड्या जास्त टाकायचा. आणि हे त्या चार परत काढून द्यायचे. "मला जास्त नकोत. बरोबर पाहिजेत."

बँकेत जायचे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. काम काही नसायचं. खिडकीतल्या पोरीशी बोलायचे, स्टेटमेंट छापून घ्यायचे, वाचायचे, घरी. पुढे ती शाखा बंद झाली आणि तिथं कॉफीचं दुकान आलं. तरी हे पहिल्या सोमवारी हजर. मी एकदा बसमधून उतरताना बघितलं, काचेशी एकटे बसलेले, समोर कॉफी, अंगात कोट. आत गेले. म्हटलं, "भाऊ, इथं काय करताय?" म्हणाले, "आपले पैसे इथं होते ना. बघायला आलो, काय चाललंय." मीही एक कॉफी घेतली. कडू होती.

आता विहाराचं.

आपल्याला स्वतःची जागा नाही हे तुम्हाला माहीतच आहे. वंदना होते ती कम्युनिटी सेंटरमध्ये, जयंती कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये, नऊला चाव्या परत. बारा वर्षं घराघरानं वर्गणी दिली, जागा घ्यायची म्हणून. लोकांनी नाइट शिफ्ट करून दिली, केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळी घालून दिली. मग एक दिवस बँकेचं पत्र आलं. तुमचं खातं आम्ही बंद करत आहोत, दोन महिन्यांत पैसे दुसरीकडे न्या. का, ते नाही. फोन केला तर मशीन बोलतं, एक दाबा, दोन दाबा. दुसऱ्या बँकांनी फॉर्म घेतले आणि गप्प बसल्या. एकीनं विचारलं, तुमच्या कमिटीत इतकी माणसं एकाच आडनावाची कशी? आता ह्याला मी काय सांगू? आमच्या गावालाच विचारा.

तेव्हा माझी मुलगी बोलली. ती मिल्टन कीन्सला असते, कंप्युटरमध्ये, जन्म इथलाच. मीटिंगला उभी राहून म्हणाली, "बँक नकोच. आपला फंड आपण क्रिप्टोमध्ये ठेवू. उड्या मारतो तो नाही, डॉलरला बांधलेला असतो तो. पाच लोकांकडे पाच चाव्या. तीन चाव्या लागला की पैसे हलणार, नाहीतर कोणीच हलवू शकत नाही. ना बँक, ना सरकार."

मला तिचं मराठी ऐकून नेहमी हसू येतं, पण त्या दिवशी नाही आलं. माझ्या डोळ्यांपुढे माझी आई आली. सोलापूरला आमची एक सहकारी बँक होती, चेअरमन सगळ्यांना नावानं हाक मारणारा. एका सकाळी शटर खाली. आई पासबुक पदरात बांधून तीन दिवस त्या शटरसमोर उभी राहिली. तिचे माझ्या लग्नाचे पैसे होते आत. म्हणून मुलीचं बोलणं संपायच्या आत माझा हात वर गेला.

मग मी मागं वळून बघितलं, आणखी कुणाकुणाचे हात आहेत. ज्याची-ज्याची कुठे बँक बुडाली, भिशी बुडाली, कुणाचा व्हिसा वर्षभर कुणाच्या टेबलावर पडून राहिला, त्याचा हात वर. ज्यांना इथं सगळं सुरळीत मिळालं, ते हात खाली ठेवून. ब्रिस्टलचे आपले इंजिनिअर म्हणाले, "माझ्या बँकेनं मला तीस वर्षांत एकदाही त्रास दिला नाही." मी म्हटलं, "तुम्हाला नाही दिला हो." सगळे हसले. ते पण हसले.

भाऊंचं एक बोट वर होतं.

"तपासणार कोण?"

मुलगी म्हणाली, "काका, तपासायला लागत नाही. सगळा मॅथ्स आहे. कोणावर ट्रस्ट ठेवायला लागत नाही, दॅट्स द होल पॉइंट."

"मग पाच माणसं कशाला निवडतेस?"

"चाव्या ठेवायला."

"तेच विचारतोय मी. गणित बरोबर असेल. ती पाच माणसं कोण तपासणार?"

कुणीतरी मागून ओरडलं, "भाऊ, त्यांच्यावर पण स्टिकर लावा!" हॉल हसला. हे खाली बसले. पण जाताना सांगून गेले की वर्षातून एकदा पाचही किल्ल्या मी तपासीन, ते काम माझ्याकडे लिहा. लिहिलं. मिनिट्समध्ये आहे ते.

मग पाच माणसं निवडायची होती. मुलीनं सांगितलं होतं, तरुण द्या, कंप्युटर येणारे द्या, वेगवेगळ्या घरांतले द्या. पण आपल्यात कसं असतं, मानाची गोष्ट आली की वय आधी. दादा सगळ्यांत मोठे, एक्क्याऐंशी वर्षांचे, पहिली किल्ली त्यांना. दुसरी मावशींना, कारण ह्या देशात आपल्यातल्या पहिल्या नर्स त्या. मग मी, मग ब्रिस्टलचे इंजिनिअर, मग भाऊ. जयंतीला स्टेजवर बोलावून, गुलाबाचं फूल देऊन, फोटो काढून त्या किल्ल्या हातात दिल्या. किल्ली म्हणजे अंगठ्याएवढं यंत्र. त्याला एक पिन. पिन लागोपाठ चुकली की ते यंत्र स्वतःला कोरं करतं. मग फक्त कागदावर लिहिलेले चोवीस इंग्रजी शब्द क्रमानं घातले तरच ते परत जिवंत होतं. "आई, तो कागद जीव आहे," मुलगी म्हणाली. "बँकेत ठेवू नकोस, फोटो काढू नकोस, कोणाला दाखवू नकोस."

मी तो बरोबर अशा जागी ठेवला जिथं कुणी हात घालणार नाही. बायकांनो, तुमच्या कपाटात द्यायच्या-घ्यायच्या साड्यांचा गठ्ठा असतो की नाही? नेसायच्या नव्हेत, आहेराच्या. आलेल्या, तशाच पुढे जाणाऱ्या. त्यात एक मोहरीच्या रंगाची, बाटलीहिरव्या काठाची होती. इतकी वाईट की कुणाला द्यायची छाती होत नव्हती. तिच्या घडीत मी तो कागद सारला.

वर्षानं भाऊ आले. शनिवारी सकाळी, डबी आणि डायरी घेऊन. म्हणाले, मी तुमच्याकडे पाठ करतो, तुम्ही पिन घाला, कागदावरचे शब्द आहेत का बघा, मी सही करतो. एवढंच. पण पुण्याहून माझी नणंद आलेली, समोर बसलेली. ती म्हणाली, "हे काय वहिनी, तुमची झडती घेतात का इथं?"

मला झोंबलं. मी म्हटलं, "भाऊ, तीस वर्षं ओळखता मला. माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे म्हणूनच आलो ना."

"मग चहा घ्या आणि जा."

त्यांनी चहा घेतला. कप धुऊन ठेवला आणि गेले. दादांकडे गेले तर दादांच्या मुलानं दारातूनच परत पाठवलं. मावशी म्हणाल्या, पुढच्या महिन्यात या, आणि पुढच्या महिन्यात त्या कायमच्या नागपूरला. एकट्या इंजिनिअरांनी तेवढं तपासू दिलं. पुढच्या वर्षी भाऊ कुणाकडेच गेले नाहीत. इकडे मंडळात सगळ्यांना बरंच वाटलं. एकदाचं ते स्टिकरचं थांबलं म्हणाले.

आणि मग एक चॅपल, म्हणजे छोटं चर्च, विकायला निघालं. वेल्समध्ये अशी किती चॅपलं पडून आहेत, गाणारी माणसं गेली, खुर्च्या राहिल्या. हे लहान होतं, लाल विटांचं, आत लाकडी बाकं, मागं छोटं स्वयंपाकघर. शेजारच्या बायकांनी कुलूप उघडून आम्हाला आत नेलं. मी बाकावर बसले तर पाय टेकले. एवढंच मला आठवतं, पाय नीट टेकले होते. विकणाऱ्यांनी दहा दिवस दिले, बयाणा भरा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे.

तीन किल्ल्या पाहिजेत. दादा आदल्या हिवाळ्यात गेलेले. मुलानं घर रिकामं केलं, बारीकसारीक सगळं, किल्लीसुद्धा, कचऱ्याच्या स्किपमध्ये. मावशींना नागपूरला फोन लावला. यंत्र त्यांच्या उशाशी होतं. पण पिन विचारली, कागद कुठंय विचारलं, तर त्यांनी मला विचारलं, "तू कोण गं? वॉर्डमधली का?" मी फोन ठेवला आणि जिन्यावर बसले थोडा वेळ.

उरले तीन. इंजिनिअर, भाऊ आणि मी. तीनच पाहिजे होते, म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं. मी यंत्र काढलं, पिन घातली. चूक. परत घातली. चूक. लग्नाची तारीख घातली, मुलीची जन्मतारीख घातली, आईच्या घराचा नंबर घातला. यंत्र कोरं झालं. म्हटलं, असू दे, कागद आहे. कपाट उघडलं. गठ्ठा होता. मोहरी नव्हती.

मीच दिली होती. ब्रिस्टलच्या एका बाईंच्या गृहप्रवेशाला, घाईत, वरची उचलून. माझ्या हातानं.

मी फोन फक्त भाऊंना केला. मुलीलासुद्धा नाही. त्यांनी "कसं काय?" वगैरे काही विचारलं नाही. म्हणाले, "फोनवर कुणाला विचारू नका. त्या बाई तो कागद वाचून दाखवतील, आणि ते शब्द कुणाच्या तोंडून बाहेर पडता कामा नयेत. मी गाडी काढतो."

ब्रिस्टलच्या बाईंनी दार उघडलं, आनंद झाला त्यांना.

"अगं, ती मोहरी रंगाची साडी दिली होती मी तुला," मी म्हटलं. "तिच्यात माझा औषधाचा एक कागद राहिलाय बघ."

"हो का? आहे ना साडी. जपून ठेवलीय मी."

"जरा बघू?"

"आत्ता?" तिचा चेहरा पडला. "लॉफ्टमध्ये आहे हो. आणि आमची शिडी ना..."

भाऊ दारातूनच म्हणाले, "माझ्या गाडीत शिडी आहे. तपासलेली."

ती बिचारी खाली बसली. "ताई, रागावू नका. मी ती पुढे दिली. मिल्टन कीन्सला, एका साखरपुड्यात."

"रागावते कशाला? मलाही ती लेस्टरहून आहेरातच आली होती. मी कुठं नेसले?"

दोघी हसलो. भाऊ हसले नाहीत, त्यांनी डायरीत पत्ता लिहून घेतला.

मिल्टन कीन्स म्हणजे तुम्हाला माहीत आहे, राउंडअबाउटचं गाव. आणि भाऊंची सवय अशी की पाटी एकदा वाचून ते वळायचे नाहीत, दुसरी फेरी मारून पाटी पुन्हा वाचायचे, मग वळायचे. प्रत्येक राउंडअबाउटला दोन फेऱ्या. मागचे हॉर्न मारतायत, मला मळमळतंय, आणि हे शांत. "पहिल्यांदा माणूस त्याला पाहिजे ते वाचतो, ताई."

तिथल्या बाई उत्साही. आत बोलावलं, चहा टाकला, पोह्यांना फोडणी दिली. साडी? साडीची कुशन कव्हरं केली होती, मी त्यातल्याच एकाला टेकून बसले होते.

"आणि आतला कागद?" मी विचारलं.

"हो, होता की कागद! नंबर घातलेले इंग्रजी शब्द होते. मला वाटलं कुणाच्या पोराचं स्पेलिंग. रिसायकलिंगमध्ये टाकला. आमच्याकडे कागदाचं वेगळं असतं, मी कधी मिक्स करत नाही." अभिमानानं सांगितलं त्यांनी. "कामाचा होता का?"

भाऊ म्हणाले, "नाही नाही. बरोबर केलंत तुम्ही." आणि त्यांनी पोहे सगळे संपवले. टाकून उठणं बरं दिसत नाही म्हणून.

परत येताना मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला थांबलो. दुपार टळली होती, बाहेर लॉऱ्या उभ्या. कागदी कपातला चहा घेऊन बाकावर बसलो. मी म्हटलं, "भाऊ, बोला काहीतरी. शिव्या द्या."

ते लॉऱ्यांकडे बघत म्हणाले, "मी कार्डिफला यायच्या आधी उत्तरेला एका लहान हॉस्पिटलात होतो. पहिली नोकरी. बाळांच्या वॉर्डात वजनाचा काटा होता. तिथली सिस्टर फार चांगली, मला स्वेटर विणून दिला होता तिनं. एका संध्याकाळी म्हणाली, तू दमलायस, काटा ठीक आहे, स्टिकर लाव आणि घरी जा. तिला न मानणं बरं वाटलं नाही. मी लावला. पुढच्या तपासणीला वजन ठेवलं तर काटा चुकत होता."

"मग?"

"बाळांना औषध वजनावर देतात, ताई."

"कुणाला काही झालं?"

"मी रिपोर्ट लिहिला. ते म्हणाले, बघतो. मला पुढे कुणी काही सांगितलं नाही." त्यांनी चहा खाली ठेवला. "काही झालं नाही, असंही कुणी सांगितलं नाही."

मी त्यांच्या कपावर झाकण लावलं, तसे ते पुढे म्हणाले:

"लोकांना वाटतं तपासणं म्हणजे संशय. ज्याच्यावर भिस्त ठेवायचीच नाही त्याला कोण तपासत बसतो? तो काटा कोपऱ्यात पडलेला असता तर मी बघितलासुद्धा नसता. त्याच्यावर बाळ ठेवायचं होतं म्हणून बघायचा."

"मग माझ्या दारातून परत का गेलात? पुन्हा का नाही आलात?"

"यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "राग आला मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रागापायी काम सोडलं."

आठ दिवसांनी मीटिंग झाली. तुम्ही बरेच जण होता. कम्युनिटी सेंटर, प्लास्टिकच्या खुर्च्या, हीटिंग बंद. मुलीनं स्क्रीनवर दाखवलं, पैसे आहेत, सगळे आहेत, दिसतात. काचेतल्या मिठाईसारखे. हात कुणाचाच लागणार नाही, कधीच. पुढच्या रांगेतली केअर होममध्ये काम करणारी एक पोरगी रडायला लागली.

अध्यक्षांनी विचारलं, दादा गेले, मावशींचं असं झालं, ते समजू शकतो. पण उरलेल्या तिघांत कुणाची किल्ली चालली नाही?

भाऊ उभे राहिले. म्हणाले, "वर्षातून एकदा तपासायचं काम मी अंगावर घेतलं होतं. ते मी केलं नाही. चूक तिथं आहे." आणि बसले.

लोकांनी काढायचा तो अर्थ काढला. किल्ली ह्यांचीच गेली. सगळ्या जगाच्या छत्रीला तारीख लावतो आणि स्वतःची किल्ली सांभाळता येत नाही, असं कुणीतरी बोललं. ते त्यांनी ऐकलं, मी ऐकलं. माझी मुलगी यंत्रणा बसवणारी, तिला स्क्रीनवर कळत होतं कुणाची किल्ली मेली ते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. मी उठणार होते, पण गुडघा धरला होता. छे, खोटं कशाला लिहू? गुडघा नव्हता धरला.

चॅपलचे फ्लॅट झालेत आता. बसमधून दिसतात.

पूर्वी लोक घरचं ब्लडप्रेशरचं मशीन तपासून घ्यायला भाऊंकडे न्यायचे, त्यानंतर कुणी गेलं नाही. वंदनेला यायचे, मागच्या खुर्चीवर बसायचे, संपलं की खुर्च्या रचून जायचे. मी दर गुरुवारी डबा न्यायचे. भाकरी, ठेचा, कधी वरण. तेवढ्यानं काय होतं? मला ठाऊक आहे तेवढ्यानं काही होत नाही. एकदा म्हटलं, "भाऊ, मी सांगून टाकते सगळ्यांना." ते भाकरी मोडत होते. म्हणाले, "माझ्यासाठी नका सांगू. मला आता कुठं जायचंय? पण चालणारं मशीन बाद केलं आणि बिघडलेलं वॉर्डात राहिलं, तर तपासणीचा काय उपयोग? ते बघा तुम्ही." पुढच्या गुरुवारीही मी डबा दिला आणि हवापाण्याचं बोलून आले. त्याच्या पुढच्याही.

नोव्हेंबरात ते गेले. शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, काही मतभेद झाले असतील पण माणूस सच्चा होता. मी पुन्हा ताटात बघितलं. ताट नव्हतं तरी.

आता मंडळानं नवा फंड सुरू केलाय. ह्या वेळी म्हणे कशी तरी बँक मिळाली. चांगलं आहे. मला बँकेचा राग नाही राहिला आणि त्या कंप्युटरच्या पैशाचाही नाही. मुलगी म्हणाली ते खरं होतं, गणित कुठंही चुकलं नव्हतं. परवा सेक्रेटरींचा फोन आला, "आत्या, तुम्हाला सहीचा अधिकार दिलाय, सर्वानुमते. जुन्या, विश्वासाच्या तुम्हीच." ठराव झालासुद्धा.

संपादकांना विनंती, बाकी काय कापायचं ते कापा, पण हे खालचं ठेवा.

ती किल्ली माझी होती. भाऊंची चालत होती. त्यांनी मरेपर्यंत दर वर्षी ती तपासली, एकट्यानं. मिल्टन कीन्सला कागदाच्या डब्यात गेला तो कागद माझ्या अक्षरातला होता. मीटिंगमध्ये मला माहीत होतं आणि मी बसून राहिले. तुम्ही माझं नाव घातलंत तेव्हा किती हात वर गेले मला ठाऊक नाही, पण एकानंही मला काही विचारलं नाही. आता विचारा.